रडारची साक्ष कितपत खरी?

मोटारीचा वेग किती, हा प्रश्न आपण मुलांना अगदी सहज विचारतो. अंतर भागिले वेळ केले की उत्तर मिळते. पण हाच प्रश्न न्यायालयात उभा राहिला आणि उत्तरावर एखाद्याचा दंड किंवा परवाना अवलंबून असला, तर 'हे तुम्हांला कसे कळले?' हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेतल्या वाहतूक न्यायालयांत हा दुसरा प्रश्न गेली सत्तरहून अधिक वर्षे विचारला जात आहे. त्यात भौतिकशास्त्राचे अनेक चांगले धडे दडलेले आहेत.

तिथली पद्धत साधारण अशी. वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल पोलीस चालकाच्या हाती एक कागद देतो. त्याला 'तिकीट' म्हणतात. चालकाने एक तर दंड भरायचा, नाही तर 'मला आरोप मान्य नाही' असे कळवून न्यायालयात उभे राहायचे. पोलीस साक्ष देतो आणि चालकाला त्याची उलटतपासणी घेता येते. काही राज्यांत हा गुन्हा फौजदारी खटल्याप्रमाणे वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो, तर काही राज्यांत दिवाणी दाव्यापुरता पुरावा चालतो. दोन्हीकडे बहुतेक वेळा मुख्य साक्षीदार एक यंत्रच असते.

या यंत्राचा इतिहास दुसऱ्या महायुद्धातल्या रडारशी जोडलेला आहे. १९४७ साली अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातल्या ग्लास्टनबरी गावी वेगमापक रडारची रस्त्यावर चाचणी झाली. १९४९पासून त्याच्या आधारे तिकिटे दिली जाऊ लागली. १९५५ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने या यंत्रामागचे तत्त्व शास्त्रमान्य असल्याचे स्वीकारले. त्यामुळे प्रत्येक खटल्यात ते तत्त्व समजावण्यासाठी शास्त्रज्ञाला बोलावण्याची गरज उरली नाही.

हे तत्त्व म्हणजे डॉप्लर परिणाम. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी उंच पट्टीत आणि दूर जाणाऱ्या गाडीची खालच्या पट्टीत ऐकू येते, हे आपण शिकवतोच. रडार शिट्टीऐवजी सूक्ष्मलहरी पाठवते. समोरून येणाऱ्या मोटारीला त्या लहरी थोड्या जास्त वारंवारतेच्या 'दिसतात'. मोटार त्या परावर्तित करते तेव्हा ती स्वतःच एक हलता उगम बनते, आणि वारंवारता पुन्हा तेवढीच वाढते. म्हणून सूत्रात २ हा आकडा येतो: वारंवारतेतला फरक = २ × मोटारीचा वेग × मूळ वारंवारता ÷ प्रकाशाचा वेग.

आकडे घालून पाहू. जुन्या पोलीस रडारची वारंवारता १०.५२५ अब्ज हर्ट्झ असे. मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने येत असेल तर फरक पडतो सुमारे १,९५० हर्ट्झचा. म्हणजे मूळ वारंवारतेच्या पन्नास लाखांत एक भाग! एवढा बारीक फरक थेट मोजणे अवघड आहे. पण पाठवलेली आणि परतलेली लहर एकत्र आणली की विस्पंद तयार होतात. जवळजवळ सारख्या दोन पेट्यांचे सूर एकदम वाजवले की आवाज जसा कमीजास्त होतो, तसेच हे. यंत्र सेकंदाला किती विस्पंद झाले तेवढे मोजते आणि दर १९.५ विस्पंदांना ताशी एक किलोमीटर या हिशेबाने आकडा दाखवते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. रडार मोटार पाहत नाही, विस्पंद मोजते. याचा उत्तम पुरावा म्हणजे यंत्र तपासण्याची पद्धत. पोलीस एक नादकाटा वाजवून रडारसमोर धरतो. काट्याची भुजा सेकंदाला १,९५० वेळा हलत असेल, तर परतलेल्या लहरीत तेवढाच फरक उमटतो आणि पडद्यावर १०० दिसते. काटा तर पोलिसाच्या हातातच आहे, तो कुठेही गेलेला नाही! तोच काटा २४.१५ अब्ज हर्ट्झच्या रडारसमोर धरला तर पडद्यावर सुमारे ४४ येईल, कारण त्या यंत्रात ताशी एका किलोमीटरला ४४.७ विस्पंद लागतात. म्हणून ज्या यंत्राचा काटा त्याच यंत्राला वापरावा लागतो. १९६६ साली कनेटिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने नादकाट्याची चाचणी ग्राह्य धरली. पण त्याचबरोबर, काटाच बरोबर आहे हे कशावरून, असे विचारण्याचा मार्ग बचावपक्षासाठी मोकळा ठेवला. मापकाचे माप कोणी तपासले, हा प्रश्न आपल्या प्रयोगशाळेतल्या वजनपेटीलाही लागू पडतो.

तत्त्व बरोबर आणि यंत्रही तपासलेले. मग चूक कुठे होऊ शकते? रडारचा झोत सरळ रेषेसारखा नसतो, शंकूसारखा पसरतो. पसरण्याचा कोन १२ अंश धरला तर १०० मीटरवर झोताची रुंदी २१ मीटर होते आणि ३०० मीटरवर ६३ मीटर. इतक्या रुंदीत चार पदरी रस्ता सहज मावतो. झोतात चार वाहने असतील तर आकडा कोणाचा? सामान्यतः ज्याचे परावर्तन सर्वांत जोरकस त्याचा. परावर्तनाचा जोर अंतराच्या चौथ्या घातानुसार कमी होतो. म्हणजे दुप्पट अंतरावरचा ट्रक लहान मोटारीवर मात करायचा तर त्याचे परावर्तन मोटारीच्या सोळा पट हवे. उभ्या सपाट पत्र्याच्या मोठ्या ट्रकला हे अशक्य नाही. अशा वेळी पडद्यावरचा आकडा अगदी बरोबर असतो, पण ज्याच्या हाती तिकीट पडते त्याचा नसतो.

दुसरा मुद्दा कोनाचा. पोलीस रस्त्याच्या कडेला उभा असल्याने मोटार थेट त्याच्या रोखाने येत नाही. रडारला वेगाचा तेवढाच घटक कळतो जो त्याच्या दिशेने आहे, म्हणजे खरा वेग गुणिले कोनाचा कोसाइन. कोन १० अंश असेल तर ताशी १०० चे ९८.५ दिसतात, २० अंशांना ९४ आणि ३० अंशांना ८६.६. कित्येक चालक न्यायालयात हाच मुद्दा मोठ्या हिरिरीने मांडतात आणि हरतात. कारण कोसाइन एकाहून मोठा कधीच नसतो. उभ्या रडारची ही चूक नेहमी चालकाच्या फायद्याचीच असते!

मात्र पोलिसांची गाडी स्वतः धावत असेल तर तीच चूक उलटते. अशा वेळी रडार दोन वेग मोजते: समोरच्या मोटारीचा सापेक्ष वेग, आणि रस्ता व आजूबाजूच्या स्थिर वस्तूंवरून परतलेल्या लहरींनी कळलेला स्वतःचा वेग. पहिल्यातून दुसरा वजा केला की मोटारीचा वेग मिळतो. समजा दोन्ही गाड्या ताशी ८० ने समोरासमोर येत आहेत. सापेक्ष वेग १६०. कोनामुळे पोलिसांच्या गाडीचा स्वतःचा वेग ८० ऐवजी ७२ मोजला गेला, तर वजाबाकी येते ८८. आता चूक चालकाच्या विरुद्ध गेली. यापुढचा प्रकार आणखी गंभीर. पुढे ताशी ६० ने जाणारा मोठा ट्रक असेल आणि यंत्राने त्यालाच 'स्थिर जमीन' मानले, तर स्वतःचा वेग २० ठरतो आणि समोरचा निरपराध चालक ताशी १४० ने जाताना 'सापडतो'. हे टाळायचे तर पोलिसाने त्याच क्षणी आपल्या गाडीचा वेगदर्शक पाहून दोन आकडे जुळतात का, हे तपासायला हवे. म्हणजे 'तुम्ही तुमचा वेगदर्शक पाहिला होता का?' हा उलटतपासणीतला साधा प्रश्न खरोखर शास्त्रीय प्रश्न आहे.

१९७९ साली फ्लोरिडा राज्यातल्या मायामी शहरात या साऱ्याची जाहीर परीक्षा झाली. एका दूरचित्रवाणी वार्ताहराने रडारने एका ताडाच्या झाडाचा वेग ताशी ८६ मैल, तर एका घराचा २८ मैल नोंदला गेल्याचे दाखवले. घर आणि झाड जागचे हलले नव्हते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. यंत्राने मोजलेला फरक दुसऱ्याच कशाचा तरी होता. त्यानंतर सुमारे ८० चालकांचे खटले एकत्र सुनावणीला आले आणि न्यायाधीश आल्फ्रेड नेसबिट यांनी तज्ज्ञांच्या साक्षी ऐकल्या. त्या वेळी ज्या प्रकारे रडार वापरले जात होते, त्या प्रकारे त्याची विश्वासार्हता वाजवी संशयापलीकडे सिद्ध झालेली नाही, असा निर्णय त्यांनी दिला. डॉप्लरचे तत्त्व चुकीचे आहे असे ते म्हणाले नाहीत. तत्त्व खरे असणे आणि त्यावर आधारलेले एखादे मोजमाप खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद त्यांनी ओळखला.

यावर कोणी म्हणेल, असे तर सगळेच सुसाट चालक सुटतील! ही शंका रास्त आहे. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी ५० ला ब्रेक लागल्यावर १४ मीटरांत थांबणारी मोटार ताशी १०० ला सुमारे ५५ मीटर घेते. त्या वाढीव ४१ मीटरांत शाळेतून घरी निघालेले मूल असू शकते. म्हणून यंत्रावर शंका घेऊन थांबणे पुरेसे नाही. यंत्र कधी आणि कुठवर खरे, हे ठरवणे भाग आहे.

न्यू जर्सीत नेमके हेच घडले. रडारनंतर लेसरचे वेगमापक आले. ते प्रकाशाचे स्पंद पाठवून ते परतायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढते आणि अंतर किती झपाट्याने बदलते त्यावरून वेग. ३०० मीटर जाऊन परत यायला प्रकाशाला लागतात एका सेकंदाचे दशलक्षांश दोन भाग! १९९६ साली तिथल्या न्यायालयाने अशा एका यंत्राचा पुरावा नाकारला, कारण पुरेशा चाचण्या समोर नव्हत्या. पुढे चाचण्या झाल्या आणि १९९८ साली त्याच यंत्राचा पुरावा स्वीकारला गेला, पण अटींसह: अंतर १,००० फुटांपर्यंत असावे, त्यापुढे तज्ज्ञाची साक्ष लागेल, आणि जोराचा पाऊस किंवा बर्फ पडत असताना घेतलेले मोजमाप चालणार नाही. एखाद्या उपकरणाची मर्यादा सांगणारे हे वाक्य प्रयोगवहीतही शोभावे असे आहे.

आपल्याकडेही कायद्याने हा विचार केलेला आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८३ नुसार, 'माझ्या मते गाडी फार वेगात होती' एवढ्या एकाच साक्षीदाराच्या मतावर कोणाला दोषी ठरवता येत नाही. ते मत यांत्रिक साधनाने केलेल्या अंदाजावर आधारलेले असावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात इलेक्ट्रॉनिक साधनांचाही उल्लेख आला. डोळ्यांपेक्षा यंत्र बरे, हे योग्यच. पण यंत्राला प्रश्न विचारण्याची सवय त्याबरोबर यायला हवी, आणि ती लावण्याची जागा म्हणजे आपला वर्ग.

यासाठी रडारची गरज नाही. शाळेच्या कुंपणाच्या आतून दिसणाऱ्या रस्त्यावर ५० मीटर अंतरावरच्या दोन खुणा निवडा: दोन खांब, दोन झाडे, काहीही. अंतर आधी मोठ्या माणसांनी मोजून ठेवावे. मुलांनी आतूनच थांबघड्याळाने वाहनाला लागणारा वेळ मोजावा. ३.६ सेकंद लागले तर वेग ताशी ५०. आता विचारा, घड्याळ दाबताना ०.२ सेकंदाची चूक झाली असेल तर? उत्तर ताशी ४७ ते ५३ यांत कुठेही येईल. खुणा १०० मीटरवर घेतल्या तर तीच चूक उत्तराला ४९ ते ५१ मध्येच ठेवते. एकाच वाहनाचा वेळ दहा मुलांना मोजू द्या आणि दहा उत्तरे फळ्यावर लिहा.

मग वर्गाचे न्यायालय करा. मर्यादा ताशी ५०, आपले सरासरी उत्तर ५२. चालकाला दंड करावा का? काही मुले 'हो' म्हणतील, काही 'नाही'. दोन्ही बाजूंना एकच अट घाला: फळ्यावरच्या दहा आकड्यांचा आधार घेतल्याशिवाय बोलायचे नाही. आणि दंड करायचाच नसेल, तर किती आकडा आल्यावर करावा, हेही त्यांनाच ठरवू द्या.