राजौरीच्या वाटेवरील सॅपर

परमवीर चक्राची मानपत्रे एकापाठोपाठ एक वाचीत गेले, तर सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्या मानपत्रापाशी वाचकास थोडे थबकावे लागते. इतर मानपत्रांत संगीन आहे, हातबॉम्ब आहे, शत्रूच्या खंदकावर घेतलेली झेप आहे. राणे यांच्या मानपत्रात प्रामुख्याने आहेत त्या वेळा. सकाळी सहाला काम सुरू, दुपारी तीनला वळणरस्ता तयार. दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला पुन्हा आरंभ, साडेसहाला अडथळा दूर. बांधकाम खात्यातील एखाद्या ओव्हरसियरची रोजनिशी वाचावी, तसे ते वाटते. फरक एवढाच, की हे सारे काम शत्रूच्या मशिनगनच्या टप्प्यात चालले होते.

राणे मूळचे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. जन्म 26 जून 1918 चा. वडील पोलीस शिपाई, त्यामुळे बदल्यांबरोबर मुलाच्या शाळाही बदलत गेल्या. 1930 च्या चळवळीचे वारे बारा वर्षांच्या या मुलाला लागले, तेव्हा वडिलांनी बिऱ्हाड गावी हलविले. सरकारी शिपायाच्या घरातील ही अडचण समजण्यासारखी आहे. पुढे दहा वर्षांनी, जुलै 1940 मध्ये, हाच तरुण खडकीच्या बॉम्बे सॅपर्स पथकात साधा जवान म्हणून दाखल झाला. अभियांत्रिकी महाविद्यालयाची पायरी न चढता त्याने रस्ते, पूल, सुरुंग आणि स्फोटके यांची विद्या पलटणीतच हस्तगत केली.

तिची पहिली कसोटी ब्रह्मदेशात लागली. आराकानातून सैन्य मागे येत असता बुथिडाँग येथील महत्त्वाची सामग्री शत्रूच्या हाती पडू नये म्हणून ती उडवून देण्यासाठी राणे यांची तुकडी मागे ठेवण्यात आली. काम झाल्यावर या लोकांना जहाजाने न्यावयाचे ठरले होते. तो बेत फसला. जपानी गस्तीची नजर चुकवून त्यांना आपल्या बळावरच नदी ओलांडावी लागली. या कामगिरीनंतर राणे हवालदार झाले. डिसेंबर 1947 मध्ये त्यांना अधिकारपद मिळाले, आणि त्यानंतर चार महिने लोटतात न लोटतात तोच ते नौशेरा-राजौरी मार्गावर उभे होते.

नोव्हेंबर 1947 मध्ये राजौरी टोळीवाल्यांच्या हाती पडली होती. तेथे अडकलेल्यांचे काय होत असेल, याच्या वार्ता नौशेऱ्यास येत होत्या. राजौरी लवकरात लवकर गाठणे आवश्यक होते. पायदळ डोंगरातून वाट काढू शकते. परंतु रणगाडे, दारूगोळा, शिधा आणि जखमींच्या गाड्या यांना रस्ता हवा. तो तर सुरुंगांनी पेरलेला, आडव्या पाडलेल्या चिडाच्या वृक्षांनी अडविलेला आणि मोऱ्या उडवून तोडलेला. त्यामुळे साऱ्या सैन्याची गती सुरुंग काढणाऱ्या पथकाच्या गतीवर येऊन ठेपली.

8 एप्रिल 1948 रोजी सकाळी अकराच्या सुमारास काम सुरू होण्यापूर्वीच उखळी तोफांचा मारा झाला. पथकातील दोघे ठार झाले, पाच जखमी. जखमींत स्वतः राणे होते. त्यांनी उरलेल्या माणसांची फेरजुळणी केली. सायंकाळी बरवाली टेकडी हाती आली आणि राणे रात्री दहापर्यंत वळणरस्ता खणीत राहिले. सुरुंगांच्या पट्ट्यात ते रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत गेले आणि चालकाला थांबण्याचा वा पुढे सरकण्याचा इशारा दोऱ्यांच्या ओढीने देत राहिले, असे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. मानपत्र या प्रसंगाबद्दल मौन पाळते. ते पुढच्या अडथळ्याकडे वळते.

9 तारखेला वृक्षांचे अडथळे, पुन्हा वृक्षांचे अडथळे, मग उडविलेली मोरी. अंधार पडता पडता पाच मोठ्या वृक्षांचा अडसर लागला. सभोवती सुरुंग होते. 10 तारखेच्या पहाटे तो फोडला, तर पुढे हजार यार्ड असाच मार्ग. तो साडेदहापर्यंत मोकळा झाला. येथून रणगाडे तवी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला चिंगसला पोहोचले.

राणे यांच्या कर्तृत्वाचे खरे मर्म येथे आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये. रणगाडे पुढे निघून गेले होते. तीन दिवस झुंजलेल्या जखमी अधिकाऱ्याने या वेळी अंग टाकले असते, तर त्याला कोणी बोल लावला नसता. परंतु मागून येणाऱ्या गाड्यांना नदीचे पात्र चालणार नव्हते, आणि इंधनावाचून व दारूगोळ्यावाचून रणगाड्यांचे पुढे काही चालणार नव्हते. म्हणून ते अन्नविश्रांतीवाचून रात्री नऊपर्यंत रस्ता करीत राहिले. 11 तारखेला सकाळी अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. त्या रात्री दहापर्यंत ते त्यापुढचा रस्ता साफ करीत होते. (चिंगसची सराई मोगलांच्या काश्मीरमार्गावरील. 1627 मध्ये वाटेत मरण पावलेल्या जहांगीराची आतडी येथे पुरली, अशी आख्यायिका आहे.)

12 एप्रिलला राजौरी भारतीय सेनेच्या हाती आली. पळून जाण्यापूर्वी टोळीवाल्यांनी केलेल्या कत्तलीच्या खुणा गावभर होत्या. ज्यांना मरण टळले त्यांच्या लेखी, आणि ज्यांना ते टळले नाही त्यांच्याही लेखी, रस्त्याच्या एकेका तासाचा अर्थ काय होता, हे वेगळे सांगावयास नको.

1947-48 च्या काश्मीर युद्धातील पाच परमवीरांपैकी ते पदक स्वहस्ते स्वीकारण्यास दोघेच हयात होते, राणे आणि लान्सनायक करम सिंग. राणे 1958 मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले आणि पुनर्नियुक्तीवर 1971 पर्यंत सेवेत राहिले. 11 जुलै 1994 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव एका तेलवाहू जहाजाला मिळाले आणि 2023 मध्ये अंदमानातील एका बेटालाही. रस्ते करणाऱ्या माणसाचे नाव समुद्राच्या वाट्याला यावे, हा योगायोग थोडा गमतीचा खरा. पण कारवारच्या माणसाला समुद्र परका नव्हता.

जम्मूहून अखनूर, नौशेरा, चिंगसवरून राजौरीला आणि पुढे पूंछला जाणारा तो मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग आहे. सीमा सडक संघटनेने त्याच्या रुंदीकरणाचे काम हाती घेतले असून, 2024 च्या जानेवारीत नौशेरा येथील बोगद्याचे खोदकाम आरपार झाले.