साभार परत

'साभार परत' हे दोन शब्द लेखकाला जितके परिचित असतात, तितके ते अन्य कोणाला क्वचितच असतील. वस्तू नाकारायची आणि वर आभारही मानायचे, असा हा शिष्टाचार आहे. विवाह जुळविणारी मंडळी 'योग दिसत नाही' असे कळवितात, तशातलाच हा प्रकार. नकाराचे खरे कारण दोहोंकडेही कळत नाही. पूर्वी तिकीट लावलेले पाकीट लेखक स्वतःच सोबत धाडीत असे, म्हणजे आपल्या दुःखाचे टपालहशील तो आगाऊच भरीत असे. आता पुष्कळदा उत्तरच येत नाही. आणि मौनापेक्षा ती छापील चिठ्ठी बरी होती, असे म्हणण्याची पाळी येते.

हा नकार इतका का झोंबावा? दुकानदाराने नाणे परत केले तर आपण नाणे पारखून पाहतो, स्वतःला पारखीत नाही. लेखन परत आले की मात्र आपणच परत आलो असे वाटते. एका कागदाविषयीचा निर्णय साऱ्या आयुष्याविषयीचा ठरतो. या गफलतीने किती टोक गाठावे, याचे एक उदाहरण आपल्याच देशात घडलेले आहे.

आर. के. नारायण यांनी पदवी घेतल्यावर काही दिवस शिक्षकाची नोकरी केली, ती सोडली आणि लेखनावरच जगायचे ठरविले. १९३० साली, आजीने पाहून दिलेल्या शुभ दिवशी, त्यांनी कोऱ्या वहीत कादंबरी आरंभिली. मालगुडी हे गाव त्या वहीत जन्मले. पण कादंबरी पुरी झाल्यावर तिचे हस्तलिखित इंग्लंडातील एकेका प्रकाशकाकडे जाई आणि परत येई. इंग्लंडची टपाल बोटीने येण्याचे ते दिवस; प्रत्येक नकार आठवडेच्या आठवडे प्रवास करून यावयाचा. मध्यंतरी विवाह झाला, संसार सुरू झाला, वृत्तपत्राची बातमीदारी करून पाहिली. अखेर ऑक्सफर्डमध्ये शिकणारे त्यांचे मित्र पूर्ण यांना त्यांनी कळविले, की त्या बाडाला दगड बांधा आणि थेम्स नदीत बुडवून टाका.

हे वाचताना मराठी मनाला इंद्रायणीचा डोह आठवल्यावाचून राहत नाही. परंतु तुकोबांच्या वह्या इतरांच्या दबावामुळे पाण्यात गेल्या आणि त्यांच्यासाठी तुकोबा तेरा दिवस काठावर बसले, असे परंपरा सांगते. येथे लेखक स्वतःच दगड शोधीत होता! प्रकाशकांनी केवळ 'आम्हांस नको' म्हटले होते. 'नष्ट करा' असे कोणीही म्हटले नव्हते. ते शेवटचे वाक्य लेखकाने आपल्या पदरचे जोडले.

पूर्ण यांनी मित्राची आज्ञा मोडली. ऑक्सफर्डमध्येच राहणाऱ्या ग्रॅहॅम ग्रीन या तरुण कादंबरीकाराला त्यांनी ते बाड वाचावयास दिले, आणि ग्रीन यांच्या शिफारशीने १९३५ साली 'स्वामी अँड फ्रेंड्स' प्रसिद्ध झाली. लेखकाचे लांबलचक नाव आटोपशीर झाले तेही ग्रीन यांच्याच सूचनेवरून.

अशा कथा सांगून नवलेखकांना धीर देण्याची रीत आहे. ती मला थोडी धोक्याची वाटते. १९१२ साली मार्सेल प्रूस्त यांची कादंबरी पॅरिसच्या ज्या प्रकाशनमंडळाने नाकारली, त्यात आंद्रे जीद यांच्यासारखा मर्मज्ञ होता. पुढल्या वर्षी प्रूस्त यांनी ती पदरमोड करून काढली, आणि १९१४ च्या आरंभी जीद यांनी पत्र लिहून आपली चूक कबूल केली. पण म्हणून परत आलेले प्रत्येक बाड प्रूस्तचे असते असे नव्हे. बहुतेक वेळा संपादकाचे बरोबरच असते. निदान त्याच्या अंकापुरते तरी असते. अंकाची पाने ठरलेली असतात, त्याच विषयाचा लेख आधी येऊन पडलेला असतो, दिवाळी अंकाची जुळणी झालेली असते. कथा खरोखरच कच्ची असेल, तर ती चिठ्ठी आपल्यावर उपकारच करते, फक्त कारण सांगत नाही. ते कारण आपल्याला शोधावे लागते, आणि त्यासाठी परत आलेले लेखन त्याच संध्याकाळी उघडू नये. महिनाभर ते कपाटात राहू द्यावे. मग परक्याचे लिखाण वाचावे तसे वाचले, की दोष असल्यास बोट आपोआप त्याच्यावर पडते. नसल्यास ते दुसरीकडे पाठवावे. प्रत मात्र जवळ ठेवावी. टपालावर आणि संगणकावर सारखाच विश्वास ठेवावा, म्हणजे बेताचाच.

आणि पुस्तक निघाले म्हणजे नकार संपले असेही नाही. 'स्वामी'चा खप फारसा झाला नाही, आणि त्या प्रकाशकाने नारायण यांची पुढची कादंबरी घेतली नाही. ती १९३७ साली दुसऱ्याने काढली, तिसरी १९३८ साली तिसऱ्याने. पुढे महायुद्धाने इंग्लंडशी व्यवहार तुटला, तेव्हा नारायण यांनी म्हैसूरमध्ये स्वतःचीच प्रकाशनसंस्था काढली. त्याआधी १९४१ मध्ये त्यांनी 'इंडियन थॉट' नावाचे एक अल्पायुषी त्रैमासिकही चालविले होते. म्हणजे थेम्समध्ये बाड बुडवू पाहणारा लेखक संपादकाच्या खुर्चीत बसला, आणि आता टपाल त्याच्या मेजावर येऊन पडू लागली.