पॅनिकल हायड्रेंजिया : छाटणीपूर्वी प्रजाती ओळखावी

सिमला, दार्जिलिंग, उटी अशा थंड हवेच्या ठिकाणी निळ्या-गुलाबी गोलाकार फुलोऱ्यांनी बहरलेली हायड्रेंजियाची झुडपे परिचयाची आहेत. ती मोठ्या पानांची हायड्रेंजिया होय. तिच्याच प्रवर्गातील पॅनिकल हायड्रेंजिया मात्र स्वभावाने वेगळी आहे. एकीच्या छाटणीचा नियम दुसरीला लावल्यास त्या वर्षीचा बहर हातचा जाऊ शकतो.

ओळख

हायड्रेंजिया पॅनिक्युलाटा ही पानझडी प्रजाती मूळची चीन, जपान व कोरियाची. जपानमध्ये तिच्या अंतर्सालीतील चिकट द्रव पारंपरिक हातकागद तयार करताना वापरला जातो. झुडूप ३ ते ५ मीटर वाढते. बागेसाठी ठेंगणे वाणही आहेत. फुलोरा शंकूच्या आकाराचा असतो. त्यातील दिखाऊ ‘पाकळ्या’ वस्तुतः वांझ फुलांची निदले असतात. ती प्रथम हिरवट-पांढरी असतात व रात्री थंड होऊ लागल्यावर अनेक वाणांत गुलाबी होतात. हा रंगबदल जमिनीच्या सामूवर अवलंबून नसतो. त्यामुळे निळ्या रंगाच्या आशेने अ‍ॅल्युमिनियम सल्फेट देणे व्यर्थ होय.

हवामान व लागवड

ही वनस्पती तीव्र थंडी सहज सोसते. हिमाचल प्रदेश, उत्तराखंड व काश्मीरमधील थंड डोंगराळ भाग तिला मानवतो. कोकण, गोवा व दख्खनच्या उष्ण मैदानी भागात तिची लागवड करू नये. दिवसातून सुमारे ६ तास ऊन मिळेल, परंतु दुपारच्या कडक उन्हापासून आडोसा असेल अशी जागा निवडावी. निचरा उत्तम हवा. खड्डा मुळांच्या गोळ्याइतकाच खोल, परंतु दुप्पट रुंद घ्यावा. रोप कुंडीत होते त्याच पातळीला लावावे व बुंध्यापासून थोडे अंतर सोडून ५ ते ७ सेंटिमीटर जाडीचे आच्छादन करावे.

पहिली दोन वर्षे नियमित पाणी द्यावे. मात्र ते साचू देऊ नये. वसंताच्या आरंभी कुजलेले शेणखत पुरेसे होते. नत्र अधिक झाल्यास फांद्या लुसलुशीत होऊन फुलोऱ्याच्या भाराने वाकतात.

छाटणी

मोठ्या पानांच्या हायड्रेंजियाच्या पारंपरिक वाणांत पुढील वर्षाच्या कळ्या आदल्या हंगामातील फांद्यांवरच तयार होतात. त्यांची छाटणी फुले ओसरताच करावी लागते; हिवाळ्याअखेर केल्यास कळ्याच कापल्या जातात. पॅनिकल हायड्रेंजिया याउलट चालू हंगामाच्या नव्या फुटव्यावर फुलते. म्हणून तिची छाटणी हिवाळा संपताना, डोळे फुगण्यापूर्वी करावी. नवी वाढ झाल्यानंतर छाटल्यास बहर लांबतो किंवा हुकतो.

प्रथम वाळलेल्या, बारीक व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. उरलेल्या फांद्यांचा सुमारे एक तृतीयांश भाग सशक्त डोळ्यांच्या जोडीच्या वर कापावा. फारच खोल छाटणी केल्यास फुलोरे मोठे येतात. परंतु ते कोवळ्या फांद्यांना पेलत नाहीत. बहर पावसाळ्यातच येत असल्याने भिजलेले फुलोरे जमिनीला टेकतात. आपल्याकडे म्हणूनच मध्यम छाटणी हितकारक ठरते.

अभिवृद्धी व उपयोग

उन्हाळ्याच्या आरंभी फुले नसलेल्या कोवळ्या फांद्यांची १० ते १५ सेंटिमीटर लांबीची छाटकलमे मोकळ्या, ओलसर माध्यमात लावावीत. फुलोरा हाताला कागदासारखा लागू लागला की तो कापून सुकवता येतो व दीर्घकाळ सजावटीस वापरता येतो. पाने व कळ्या जनावरांना विषारी असल्याने लागवड गोठ्यापासून दूर करावी आणि छाटलेल्या फांद्या वैरणीत मिसळू देऊ नयेत.

विस्तार कार्यकर्त्यांनी या झुडपाविषयी सल्ला देण्यापूर्वी फुलोऱ्याचा आकार विचारून घ्यावा. तो शंक्वाकृती व पांढरा असेल, तरच हिवाळ्याअखेरच्या छाटणीची शिफारस करावी. गोल, निळा वा गुलाबी असल्यास कात्री तूर्त बाजूला ठेवण्यास सांगावे.