तिसरे चाक आणि हत्तींचा मेळा

जर्मनीच्या आग्नेय भागात, चेक सरहद्दीजवळ, बव्हेरियाचे दाट अरण्य पसरलेले आहे. त्या अरण्यात थुर्मान्सबांग नावाचे एक लहानसे गाव आहे. जानेवारी सरून फेब्रुवारी लागण्याच्या सुमारास, ज्या दिवसांत शहाणी माणसे शेकोटी सोडून हलत नाहीत त्याच दिवसांत, ह्या गावाजवळच्या एका खोलगट जागेत हजारो मोटारसायकलस्वार जमतात. शुक्रवारी यायचे, बर्फ तुडवून तंबू ठोकायचा, दोन रात्री काढायच्या आणि रविवारी परतायचे. ज्या खळग्यात ही वस्ती होते त्याचे त्यांनी ठेवलेले नावही मजेदार आहे : चेटकिणीची कढई! आणि मेळ्याचे नाव आहे हत्तींचा मेळा.

आता जर्मनीच्या बर्फात हत्ती कुठून आले, असे कोणीही विचारील. हा हत्ती म्हणजे एक मोटारसायकल. न्युरेंबर्ग येथील त्सुंडाप कारखान्याने १९५०च्या सुमारास ५९७ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि २८ अश्वशक्ती असलेली एक दणकट गाडी बाजारात आणली. ती मुख्यतः साइडकार ओढण्यासाठी घेतली जाई. रंग हिरवा, अंग भारी, चाल संथ पण न थकणारी. म्हणून लोक तिला ‘हिरवा हत्ती’ म्हणू लागले. एर्न्स्ट लेव्हर्कुस नावाच्या एका मोटारसायकल-पत्रकाराने १९५६च्या जानेवारीत ह्या गाडीच्या मालकांना स्टुटगार्टजवळ एकत्र बोलावले. आले वीसएकजण. एकमेकांच्या गाड्या पाहाव्यात, अनुभव सांगावेत, एवढाच हेतू. पण पुढच्या वर्षांत इतर गाड्यांचे स्वारही येऊ लागले. १९६१ साली मेळा नुर्बुर्गरिंगच्या प्रसिद्ध शर्यत-मार्गावर गेला, तेथे त्याचे रूपांतर अफाट जत्रेत झाले, आणि दरम्यान आणखी जागा पालटून १९८९ पासून तो ह्या अरण्यात भरू लागला. ती हत्तीची गाडी निघेनाशी झाली, १९८४ मध्ये तो कारखानाही बुडाला; नाव मात्र राहिले.

मेळा हिवाळ्यातच का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. १९५०च्या दशकात जर्मनीत मोटारसायकल ही चैनीची वस्तू नव्हती. ज्याला मोटार परवडत नसे त्याचे ते बारमाही वाहन होते. एका बाजूला साइडकार जोडली की बायको, मूल, बाजाराची पिशवी, सगळे तिच्यात मावे. ही युक्तीही तशी जुनी. इंग्लंडमध्ये १९०३ साली साइडकारचे पेटंट घेतले गेले होते. मग स्वस्त छोट्या मोटारी आल्या. इटलीची फियाट ५०० ही १९५७ साली, इंग्लंडची मिनी १९५९ साली. साइडकारच्या जवळपासच्या पैशांत डोक्यावर छप्पर मिळू लागले आणि कुटुंबे तिकडे वळली. त्यात चूक काहीच नव्हते. जे मागे राहिले ते हौशीने राहिले, आणि ऐन थंडीत जमून त्यांनी जणू सांगितले, की आमचे वाहन केवळ उन्हाळ्याचे खेळणे नव्हे.

आपल्याकडे साइडकार म्हटले की अनेकांना १९७५चा ‘शोले’ आठवतो. त्यात मोटारसायकल एकीकडे आणि साइडकार दुसरीकडे पळते आणि थोड्या वेळाने दोघे पुन्हा जुळतात! स्कूटरला जोडलेली साइडकारही आपल्या शहरांत बरीच वर्षे दिसे. पण ही गाडी चालते कशी, हे तिच्यात बसलेल्यांनाही क्वचितच ठाऊक असते. मोटारसायकल आणि साइडकार मिळून होणाऱ्या वाहनाला आपण सोयीसाठी ‘जोडगाडी’ म्हणू.

सामान्य समज असा, की दोन चाकांना तिसरे मिळाले, आता पडायची भीती संपली, तेव्हा चालवणे सोपे झाले. खरी गोष्ट अशी, की ज्याने वीस वर्षे दुचाकी चालवली त्यालाच जोडगाडी पहिल्या दिवशी अधिक दगा देते. दुचाकी वळते ती कलून. वेगात असताना डावीकडे जायचे तर स्वार नकळत डावी मूठ किंचित पुढे ढकलतो; क्षणभर चाक उजवीकडे फिरते, गाडी डावीकडे कलते आणि मग डावीकडे वळते. हे सारे त्याच्या हातांच्या अंगवळणी पडलेले असते. डोक्याला त्याची खबरही नसते. जोडगाडी मात्र कलत नाही. तिथे डावी मूठ पुढे ढकलली तर गाडी सरळ उजवीकडे जाते. म्हणजे वळणावर घाबरलेला जुना स्वार सवयीने जे करतो तेच नेमके उलटे पडते. म्हणून जाणकार सांगतात, आधी मोकळ्या मैदानात, रिकाम्या जागेत हात नव्याने शिकवा. मग रस्त्यावर या.

दुसरी गंमत वेगाची. बैलगाडीच्या दोन बैलांपैकी डावा एकटाच जोर करू लागला तर गाडी कुठे जाईल? उजवीकडे. जोडगाडीचेही तसेच आहे. जर्मनीत वाहने रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात आणि साइडकार गाडीच्या उजव्या हाताला असते. इंजिन डावीकडचे, ओझे उजवीकडचे. वेग वाढवला की ओझे मागे राहू पाहते आणि गाडी उजवीकडे, म्हणजे साइडकारच्या बाजूला ओढली जाते. उलट मोटारसायकलचा ब्रेक दाबला की साइडकार आपल्या जडत्वाने पुढे धावू पाहते आणि गाडी डावीकडे वळते. आपल्याकडे साइडकार डाव्या हाताला असते, म्हणून डावे-उजवे उलटे होते. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच : साइडकार नेहमी रस्त्याच्या कडेला असल्यामुळे ब्रेक दाबताच गाडी समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला सरकते. म्हणूनच साइडकारच्या चाकालाही स्वतःचा ब्रेक असणे फार मोलाचे.

साध्या चालीत हा एकांगी ओढा जाणवू नये म्हणून जोडणी करताना दोन बारकावे पाळतात. साइडकारचे चाक मोटारसायकलशी अगदी समांतर न ठेवता पुढच्या अंगाला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर आत वळवतात. आणि मोटारसायकल साइडकारपासून दूर, बाहेरच्या बाजूला अगदी किंचित, एखाददुसरा अंश कललेली ठेवतात. कारण रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता असतो. हे माप चुकले तर शंभर किलोमीटरांत दंड भरून येतात आणि टायर एका अंगाने झिजतो. सहलीला निघण्यापूर्वी पाहायची पहिली गोष्ट हीच.

आता वळणे. साइडकारच्या बाजूला वळताना बाहेर फेकणारा जोर साइडकारचे चाक जमिनीवरून उचलू पाहतो. साइडकार रिकामी असेल तर ते हटकून उचलते. म्हणून एकटा स्वार तिच्यात वाळूची पोती टाकतो. विरुद्ध बाजूच्या वळणावर गाडी भक्कम वाटते. पण फाजील वेग असेल तर सारा भार साइडकारच्या नाकावर येतो आणि मोटारसायकलचे मागचे चाक हलके होते. ह्या दोन्ही वेळी साइडकारमध्ये बसलेला माणूस काय करतो ह्यावर फार काही अवलंबून असते. तो वळणाच्या आतल्या बाजूला झुकला तर गाडी जमिनीला धरून राहते. भिऊन उलटीकडे सरकला तर संकट ओढवते. १९४९ साली साइडकार-शर्यतींची पहिली जागतिक स्पर्धा झाली. ती एरिक ऑलिव्हर ह्या इंग्रज स्वाराने जिंकली, पण एकट्याने नव्हे. त्याच्या साइडकारमध्ये डेनिस जेंकिन्सन होता आणि प्रत्येक वळणावर आपले अंग बाहेर झोकून तोल साधत होता. मला ह्या वाहनाचे सारे मर्म इथेच दिसते. इतर वाहनांत शेजारी बसलेला माणूस पाहुणा असतो. जोडगाडीत तो भागीदार असतो.

बर्फात ह्या गाडीचा खरा गुण कळतो. निसरड्यावर दुचाकी घसरली की स्वार खाली. जोडगाडी घसरते, तिरपी होते, पण उभी राहते. अडचण वेगळीच येते. मोटारींनी बर्फात पाडलेल्या दोन चाकोऱ्यांतले अंतर जोडगाडीच्या रुंदीशी जुळत नाही. एक चाक चाकोरीत, तर उरलेली मधल्या उंचवट्यावर. अशा वेळी सोबतचे स्वार उपयोगी पडतात. चढावर एखादा हत्ती रुतला की चार माणसे उतरून ढकलतात. तांड्याने जाताना सर्वांत संथ गाडीच्या चालीने जायचे, दोन गाड्यांत भरपूर अंतर ठेवायचे आणि वळण आले की मागचा दिसेपर्यंत थांबायचे. आपल्या वारीत दिंडी जशी कोणाला मागे टाकून जात नाही, तसाच हा नियम.

मुक्कामावर पोचल्यावर दुसरी परीक्षा सुरू होते. रात्री पारा शून्याच्या खाली कितीतरी अंश उतरतो. नवखा माणूस अंगावर पांघरुणे वाढवतो, पण थंडी येते ती खालून. गोठलेली जमीन शरीराची उष्णता सतत ओढून घेते, आणि अंगाखाली दबलेल्या पांघरुणात हवा उरत नसल्याने ते निकामी होते. म्हणून जुने लोक आधी बर्फ तुडवून सपाट करतात, त्यावर पेंढा जाडसर अंथरतात, वर चटई आणि मग झोपण्याची पिशवी. पेंढ्याच्या पोकळ काड्यांत कोंडलेली हवा हीच खरी गादी. शक्य तर अगदी तळाची जागा टाळतात, कारण थंड हवा जड असते आणि पाण्यासारखी खोलगटात साचते. दिवसभराचे कपडे घामाने ओलसर झालेले असतात. ते बदलून कोरडे घालतात. झोपण्यापूर्वी गरम आणि पोटभर जेवतात. दारूने अंगात ऊब आल्यासारखी वाटते, परंतु ती फसवी. कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात आणि आतली उष्णता उलट लवकर निघून जाते.

ह्या सर्वांहून महत्त्वाची एक सूचना आहे, आणि ती आपल्यालाही तितकीच लागू आहे. थंडी कितीही असो, तंबूत शेगडी किंवा स्टोव्ह पेटवून झोपू नये. कोंदट जागेत जळण अपुरे जळते आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले जे द्रव्य प्राणवायू वाहून नेते त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक बळकट चिकटतो. डोके जड होते, गुंगी येते, माणसाला वाटते की ऊब लागून झोप येते आहे. आणि ती झोप मोडत नाही. आपल्या देशातही बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसे दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचायला मिळतात. तंबूची झडप थोडी उघडी ठेवावी. थंडी थोडी अधिक वाजेल, पण सकाळ दिसेल. शेकोटी हवी तर बाहेर, उघड्यावर, चौघांनी मिळून.

शनिवारच्या रात्री ह्या मेळ्यात एक गंभीर विधी होतो. मशाली पेटवून स्वार निघतात आणि रस्त्यावर प्राण गमावलेल्या सोबत्यांचे स्मरण करतात. दिवसभर हसण्याखिदळण्यात, कढईभर रस्सा वाटून खाण्यात आणि एकमेकांच्या इंजिनांची निंदास्तुती करण्यात गुंतलेली माणसे त्या वेळी गप्प असतात. ज्या वाहनाची हौस त्यांना इथवर घेऊन आली, ते वाहन काय किंमत मागू शकते हे त्यांना पुरते ठाऊक असते.

म्हणून अशा सहलीकडे केवळ धाडस म्हणून पाहणे मला पुरेसे वाटत नाही. धाडस एकट्यालाही करता येते. इथे ब्रेक दाबला तर गाडी कुठे जाईल हे ठाऊक हवे, शेजाऱ्याने वळणावर झुकायला हवे, मागच्याने थांबायला हवे, आणि रात्री कोणाच्या तंबूतून कोळशाचा उजेड दिसला तर उठून त्याला हाक मारायला हवी. आपल्यापैकी कोणी पुढच्या हिवाळ्यात चार मित्रांसह सह्याद्रीच्या एखाद्या पठारावर मुक्कामाला निघाला, तर वाहन दोन चाकांचे असो, तीन चाकांचे असो की चार, एवढे ज्ञान बरोबर न्यावे. त्याचे वजन काही नाही आणि साइडकारमध्ये त्याला जागाही लागत नाही.