देवमाशाच्या दारी

छत्रपती संभाजीनगरहून पुणे, कोल्हापूरमार्गे मालवण गाठायचे म्हणजे सुमारे ६०० किलोमीटरचा प्रवास. गेल्या वर्षी लाभपंचमीचा मुहूर्त आटोपला, दुकान भावावर सोपविले आणि आम्ही सहकुटुंब निघालो. डब्यांत खाकरे, दशम्या, ठेपले आणि सोबत उकळलेले पाणी घेतले होते, त्यामुळे खाण्याची चिंता नव्हती. मुलांचा एकच हट्ट होता : समुद्रात जाऊन देवमासा पाहायचा.

तारकर्लीजवळच्या देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तेथून सकाळी निवतीच्या दिशेने होड्या सुटतात. पर्यटकांना प्रामुख्याने डॉल्फिन दाखविण्यासाठीच या फेऱ्या असतात. देवमासा दिसेलच असे कोणी सांगत नाही. नवकारसी पाळून आम्ही होडीत बसलो.

थोड्याच वेळात पाण्यावर करड्या पाठी दिसू लागल्या. दोन मोठ्या आणि त्यांच्यामध्ये एक लहान. मुले आनंदाने ओरडली. क्षणार्धात त्या पाठी दिसेनाशा झाल्या. मी नावाड्याला म्हणालो, ''जरा जवळ घ्या, वेगळे पैसे देतो.'' त्याने इंजिन बंद केले आणि शांतपणे म्हणाला, ''शेठ, मागे लागलो तर ते बुडी मारतील. थांबलो तर आपणहून येतील.'' आईने माझ्याकडे पाहिले. ''पिलू आहे सोबत. त्यांना साता राहू दे,'' एवढेच ती म्हणाली. पैसे देऊन सर्व काही जवळ आणता येते, ही व्यापाऱ्याची सवय त्या दिवशी मला खटकली.

पुढे जे वाचले, त्यावरून नावाड्याचे म्हणणे किती योग्य होते ते कळले. डॉल्फिन आणि देवमासा मासे नव्हेत. ते आपल्यासारखे फुप्फुसांनी श्वास घेतात, पिलांना जन्म देतात आणि दूध पाजतात. डॉल्फिन आवाजाच्या आधारे भक्ष्य शोधतात आणि परस्परांशी संपर्क ठेवतात. चारही बाजूंनी होड्या घरघरत आल्या, की त्यांचे हे ऐकणे अवघड होते. पिलू आईपासून दुरावण्याचा धोकाही असतो. आपल्या किनाऱ्यालगत दिसणारा कुबड असलेला डॉल्फिन आज जगभरात संकटग्रस्त मानला जातो.

आगमांत जलचरांच्या प्रकारांत मत्स्य, कच्छप, ग्राह आणि मकर यांच्यासह सुंसुमाराचीही गणना आहे. संस्कृतातील शिशुमार तो हाच, आणि डॉल्फिनचे ते जुने नाव होय. या पंचेंद्रिय जिवांची दखल आपल्या परंपरेने केव्हाच घेतली आहे.

खरा देवमासाही कोकणापासून फार दूर नाही. २०१५ साली सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळ अभ्यासकांनी निळ्या देवमाशांची नोंद केली. पृथ्वीवरील हा सर्वांत मोठा प्राणी कोळंबीसारख्या इवल्या जिवांवर जगतो. २०२३ च्या ऐन दिवाळीत गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे एक पिलू अडकले. ग्रामस्थ, वनविभाग आणि तटरक्षक दल यांनी सुमारे ४० तास धडपड करून त्याला खोल पाण्यात सोडले. दुर्दैवाने काही दिवसांतच ते मरण पावले. तरीही सणाचे दिवस बाजूला ठेवून एका अनोळखी जिवासाठी माणसे पाण्यात उभी राहिली, हे विसरता येत नाही.

कोळी बांधवांचे मोलही येथे सांगितले पाहिजे. संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला, तर जाळे कापून त्याला सोडून द्यावे लागते, आणि जाळे हेच त्यांचे भांडवल. महाराष्ट्र शासनाने २०१८ पासून अशा नुकसानीसाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना सुरू केली. स्वतःचे भांडवल कापून जीव वाचविणाऱ्याची अहिंसा आपल्या अहिंसेहून कमी कशी म्हणावी?

व्यापारी म्हणून आपले कर्तव्य वेगळेच आहे. 'देवमाशाची उलटी' म्हणून ओळखला जाणारा पदार्थ अत्तरासाठी मोठ्या किमतीला विकला जातो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार आपल्या देशात त्याचा व्यापार गुन्हा आहे आणि त्याच्या तस्करीची प्रकरणे महाराष्ट्रातही उघडकीस आली आहेत. पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य वर्ज्य सांगितले आहे. प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार त्यातच येतो. शरीरातून निघालेल्या या मालाकडेही त्याच दृष्टीने पाहावयास हवे. कोणी असा माल दाखविला, तर नफ्याचा हिशेब मांडण्यापूर्वीच नकार द्यावा.

कोकणात जाणाऱ्या कुटुंबांना एवढीच विनंती : नावाड्याला 'जवळ घ्या' असा आग्रह करू नका. होडी संथ ठेवायला आणि कळपाला न घेरायला सांगा. वेफर्सची पाकिटे, पाण्याच्या बाटल्या परत आणा. काहीच दिसले नाही, तरी ठरलेले पैसे आनंदाने द्या.

त्या सकाळी आम्ही इंजिन बंद ठेवून बराच वेळ बसलो. अखेर होडीच्या डाव्या बाजूला तेच तिघे वर आले. श्वासाचा फुस्सकन आवाज स्पष्ट ऐकू आला आणि ते आपल्या वाटेने निघून गेले. मुलांनी टाळ्याही वाजविल्या नाहीत. सायंकाळी प्रतिक्रमणात इरियावहियं म्हणताना, येता-जाता दुखावलेल्या जिवांची क्षमा मागताना, समुद्रावरचे आमचे जाणे-येणेही मला प्रथमच आठवले.