फुलांचा सुवास आणि आपली मळी



उसाच्या जोडीला गवती चहा, जिरेनियम, वाळा किंवा मोगरा लावायचा विचार कोणाच्या मनात असेल, तर रोपं आणण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी. या पिकांत खरा भाव मिळतो तो तेलाला किंवा अर्काला. आणि कोणत्या पिकाचं तेल कसं काढायचं, यावर सगळा हिशेब अवलंबून आहे.

पहिली पद्धत वाफेची. पाला भांड्यात भरून त्यातून वाफ सोडायची. वाफेबरोबर तेल निघतं, थंड केल्यावर पाण्यावर तरंगतं. कनोजचे अत्तरवाले तांब्याच्या देगीतून पिढ्यान् पिढ्या असंच ऊर्ध्वपातन करत आले. गवती चहा, जिरेनियम, वाळा यांना ही पद्धत चालते. गवती चहाच्या १०० किलो ओल्या पाल्यातून साधारण अर्धा किलो तेल मिळतं. ऊर्ध्वपातनाची भट्टी गावातही उभी राहू शकते.

मोगरा-जाईचं मात्र तसं नाही. त्यांचा नाजूक वास वाफेच्या उष्णतेने बिघडतो. म्हणून फुलं हेक्झेन नावाच्या द्रावकात भिजवतात. हे द्रावक सुमारे ६९ अंशांवर उकळतं, त्यामुळे कमी उष्णतेत उडवून लावता येतं. मागे राहतो मेणासारखा घट्ट गोळा. तो मद्यार्कात घोळून, गार करून, मेण गाळून टाकतात आणि मद्यार्क उडवतात, की शुद्ध अर्क हाती येतो. हा मद्यार्क म्हणजे आपल्या ओळखीचाच, मळीपासून आसवनीत तयार होतो तो!

तिसरी पद्धत सर्वांत नवी, कार्बन डायऑक्साइड वायूची. ३१ अंशांच्या वर आणि हवेच्या सुमारे ७३ पट दाबाखाली हा वायू धड वायूही राहत नाही, धड द्रवही नाही. मालात वायूसारखा शिरतो आणि द्रवासारखा सुवास विरघळवतो. दाब काढला की उडून जातो, अर्कात द्रावकाचा अंशही राहत नाही. गंमत अशी, की मळी आंबवताना मद्यार्काबरोबर जवळजवळ तेवढ्याच वजनाचा हा वायू निघतो. पण एवढा दाब सोसणारी पोलादी यंत्रं फार महाग पडतात. एकट्यादुकट्याचं ते काम नव्हे.

तेव्हा सांगायचं ते इतकंच. पाला-मुळांची पिकं घ्यायची तर भट्टी जवळ हवी, कारण ओल्या पाल्याच्या वाहतुकीतच नफा संपतो. फुलं घ्यायची तर ती त्याच दिवशी घेणारा अर्काचा कारखाना हवा. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की उतारा घसरतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. फुलं तर उसाइतकाही दम धरत नाहीत.

आधी भट्टी आणि गिऱ्हाईक पक्कं करा, मगच वाफा बांधा. आणि पहिल्या वर्षी दहा गुंठ्यांच्या पुढं जाऊ नका.