बोका हरवलाय? आधी जिन्याखाली बघा

कोलकात्यात मांजर हरवलं की आपण पहिल्यांदा पाड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकतो. टाका, पण त्याआधी टॉर्च घेऊन खाली उतरा. 2018 मध्ये ‘अ‍ॅनिमल्स’ या संशोधनपत्रिकेत 1210 हरवलेल्या मांजरांचा अभ्यास छापून आला. त्यात जी सापडली त्यांतली 75 टक्के मांजरं निसटल्या जागेपासून 500 मीटरच्या आतच सापडली होती.

भवानीपूरसारख्या जुन्या वस्तीत 500 मीटर म्हणजे अख्खं विश्व! दोन घरांमधली हातभर फट, रोआकाखालची (आपला ओटाच तो) पोकळी, पाण्याच्या टाकीमागचा कोपरा. घाबरलेलं मांजर हाकेला ओ देत नाही, अंग चोरून बसतं. म्हणून रात्री शोधा. गाड्यांचा गोंगाट थांबलेला असतो आणि टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरला की अंधारात दोन हिरवट ठिपके चमकतात. मांजराच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्याची ही करामत.

मासळीवाल्यांना जरूर विचारा, गल्लीतलं प्रत्येक मांजर त्यांच्या ओळखीचं. फक्त ‘बोका’ म्हणू नका, बंगालीत बोका म्हणजे मूर्ख! तिथे बोक्याला ‘हुलो’ म्हणतात. काळापांढरा असेल तर ‘सादा-कालो हुलो’.

बंगालमध्ये मांजर हे षष्ठीदेवीचं वाहन. ही देवी आपल्या सटवाईसारखीच, लेकराबाळांची राखणदार. त्यामुळे एखाद्या आजीने तुमच्या हुलोला आधीच दूधभात घातलेला असायचा. गच्चीवरच्या आज्यांनाही विचारून घ्या.